अर्ध्या मिसलीवरचा इतिहास

दिवाणी कोर्टात जमिनीच्या वाटपाचा दावा लागला की पहिल्या तारखेपासून दोन गोष्टी शेजारी शेजारी चालू होतात. वादी सांगतो की मिळकत वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची, आणि थोरल्याने तलाठ्याला हाताशी धरून सात-बाऱ्यावर एकट्याचं नाव लावून घेतलं. प्रतिवादी कैफियतीत म्हणतो की सदरचा मजकूर खोटा, लबाडीचा व खोडसाळपणाचा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही; वाटप आजोबांच्या हयातीतच तोंडी झालं आणि वादीला त्याचा हिस्सा कधीच पोचला. यातला एकच कागद वाचून कोणी गावभर सांगत सुटला की थोरला चोर आहे, तर बाररूममधला कालचा वकीलसुद्धा त्याला हसेल. दावा जिंकण्यासाठी लिहिलेला असतो, हे कोणाला शिकवावं लागत नाही.

तोच कागद तीनशे वर्षं जुना असला, मोडीत असला, वर शिक्का उमटलेला असला, की मात्र आपण ही अक्कल गहाण टाकतो. मग एका घराण्याची तकरीर, म्हणजे वादातलं लेखी म्हणणं, हा 'अस्सल पुरावा' होतो. त्यात ज्याला लबाड म्हटलं आहे तो इतिहासात लबाड ठरतो, ज्याने स्वतःला मूळ वतनदार म्हटलं आहे तो मूळ वतनदार ठरतो. आणि त्या कागदाचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो फिरायला लागला की दोन गावांत, दोन आडनावांत, कधी दोन जातींत तोंडाला तोंड लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे: मराठेशाहीतल्या वतनदारांच्या भांडणाचे कागद आधी दाव्याचे कागद म्हणून वाचले पाहिजेत आणि मिसल, म्हणजे एका वादाचे सगळे कागद, पूर्ण असल्याशिवाय त्यांवरून कोणालाही थोर किंवा गद्दार ठरवू नये. बोलायला सोपं वाटतं. पण आपला गावोगावचा इतिहास कशाकशावर उभा आहे हे पाहिलं, तर हे मान्य करणं बरंच महागात पडतं.

वतनाचा तंटा चालायचा कसा, ते आधी पाहू. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण ही नुसती कामं नव्हती. त्यांच्यासोबत इनाम जमीन होती, हक्क-लाजिमे होते, गावच्या पानसुपारीत, होळीच्या पोळीत, पोळ्याच्या बैलात मान होता. भाऊबंद वाढले की हे सगळं वाटायचं कसं हा प्रश्न यायचाच. फिर्याद दरबारात किंवा सुभ्यात जायची. मग दोघांकडून राजीनामा घेत, म्हणजे पंच किंवा गोत (गावकऱ्यांची आणि वतनदारांची सभा) जो निवाडा करील तो मान्य असं लिहून घेत. जामीनकतबे होत: पळून जाणार नाही, निवाडा मोडणार नाही. त्यानंतर अग्रवादी आणि पश्चिमवादी, म्हणजे आजचे वादी आणि प्रतिवादी, आपापली तकरीर लिहून देत. वतन मुळात कोणाला मिळालं, कोणापासून कोण झाला, कोणत्या पिढीत कोण परागंदा झाला, कोणी कोणाचं खाल्लं, कोणत्या राजाने कोणती सनद दिली, हे सगळं त्यात येई. लांबलचक असली की तिला करीना म्हणत. तकरिरी झाल्या की कागद पाहायचे, साक्षी घ्यायच्या. साक्षीदाराला देवळात नेऊन किंवा कृष्णेच्या पात्रात उभं करून, पूर्वजांची शपथ घालून बोलतं करायचं. एवढ्याने उलगडलं नाही तर दिव्य. तापलेल्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा, हाताला पिशवी बांधून मोहर करायची आणि तिसऱ्या दिवशी हात पाहायचा. शेवटी हरणाऱ्याकडून येजितखत लिहून घ्यायचं की या वतनाशी आपला अर्थाअर्थी संबंध नाही. जिंकणाऱ्याला महजर किंवा निवाडपत्र मिळायचं. त्याने हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरायची. सरकारला दोघांकडूनही मिळायचं, हे विसरू नका. पुढे कामी येणार आहे.

या सगळ्या कागदांची मिळून मिसल होते. त्यातली तकरीर हा फक्त आरंभ. आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही, म्हणजे 1908 च्या कायद्यात, सहाव्या आदेशाचा दुसरा नियम असंच सांगतो: कैफियतीत मुद्द्याच्या वस्तुस्थिती सांगायच्या, त्यांचा पुरावा नंतर द्यायचा. म्हणणं आणि पुरावा यांच्यातली ही भिंत गोतसभेतल्या पंचांनाही ठाऊक होती, नाहीतर त्यांनी नदीत उभं राहून साक्षी कशाला घेतल्या असत्या? ती भिंत पाडली आपण, जुन्या कागदांच्या भक्तिभावात.

आणि लोक खोटं बोलत होते का? बोलत होते, भरपूर. निवाडपत्रांमध्येच बनावट कागदांचे उल्लेख येतात. शिक्का जुळत नाही, अक्षर जुळत नाही, साल जमत नाही म्हणून पंचांनी कागद बाजूला टाकल्याचं दिसतं. कागद का नाहीत याची कारणं तर इतकी सारखी असतात की चार तकरिरी वाचल्यावर पाचवीतलं कारण आपणच सांगू शकतो. दुष्काळ पडला, गाव ओस झाला, वडील परमुलखात गेले. धामधुमीत घर जळालं, त्यात सनदा गेल्या. चुलता मुतालिक (आपल्या वतीने काम पाहणारा) म्हणून ठेवला होता, तोच धनी होऊन बसला. आम्ही तेव्हा मूल होतो. यातलं काही खरंही असेल. 1630 च्या दुष्काळात गावंच्या गावं उठली होती आणि परत आलेल्यांना आपल्या जागी दुसरेच बसलेले दिसले होते. पण खऱ्याची आणि रचलेल्याची भाषा एकच आहे. कारकून तोच, मायना तोच. नुसत्या मजकुरावरून निवड करता येत नाही.

त्यातही एक काळ असा आहे की तिथल्या कागदांवर तर डोळे मिटून विश्वास ठेवताच येणार नाही. 1689 मध्ये संभाजीराजे मारले गेले, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि पुढची जवळजवळ दोन दशकं या मुलखाला दोन धनी झाले. औरंगजेबाची छावणी वतनाची फर्मानं वाटत होती, कारण त्याला मावळातले देशमुख फोडायचे होते. जिंजीहूनही सनदा सुटत होत्या, कारण राजारामांना तेच देशमुख टिकवायचे होते. दोन्हीकडे पैसा नव्हता आणि द्यायला वतन होतं. एकाच देशमुखीवर दोन घराण्यांना दोन दरबारांची सनद मिळावी, कधी एकाच दरबाराने आधी एकाला आणि मग दुसऱ्याला द्यावी, असं घडत गेलं. 1707 नंतर शाहू महाराज आले तेव्हा त्यांच्यापुढे याच कागदांचे ढीग येऊन पडले. त्यांच्या कारकिर्दीत वतनतंट्यांचा एवढा सुकाळ दिसतो त्याचं मोठं कारण हे आहे. आता विचार करा: आज एखाद्याच्या माळ्यावर 1690 च्या दशकातली सनद सापडते, ती अस्सल असते, शिक्का अस्सल असतो, आणि तरीही तिच्यावरून वतन 'आमचंच होतं' हे सिद्ध होत नाही. शेजारच्या गावच्या माळ्यावर तितकीच अस्सल दुसरी सनद असू शकते. कागद खरा आहे आणि त्यातला हक्क वादातला आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

मराठी राज्याचे मंत्री रामचंद्रपंत अमात्य यांनी हे सगळं जवळून पाहिलं होतं. आज्ञापत्र या राजनीतीवरच्या ग्रंथात ते वतनदारांना छोटे का होईना, पण स्वतंत्र देशनायकच म्हणतात, आणि राजाने त्यांच्याशी कसं सावधपणे वागावं ते सांगतात. त्यांचीही ती एक बाजूच, राज्याची. पण वतनदार स्वतःबद्दल लिहितो आणि राज्य त्याच्याबद्दल लिहितं यांतलं अंतर किती असू शकतं, ते त्यातून चांगलं कळतं.

आता जेधे करीना. कान्होजी जेध्यांची गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही माहीत असते. 1659 मध्ये अफजलखान निघाला, अली आदिलशहाचं फर्मान जूनमध्ये कान्होजींकडेही आलं की खानाला सामील व्हा. कान्होजी मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले, फर्मान पुढे ठेवलं आणि वतनावर पाणी सोडलं. उत्रवळीचा खंडोजी खोपडे मात्र खानाकडे गेला. पुढे महाराजांनी त्याचा एक हात आणि एक पाय तोडून शिक्षा केली. एक निष्ठेचा नमुना, एक फितुरीचा. व्याख्यानांत ही जोडी अशीच येते.

खोपडे खानाला मिळाला हे मी नाकारत नाही. मला प्रश्न वेगळा पडतो. जेधे आणि खोपडे हे भोरजवळच्या रोहिडखोऱ्याच्या देशमुखीवरून भांडणारे दोन पक्ष होते. एकाच खोऱ्यातले, शिवेला शीव असलेले, पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या हक्कांवर डोळा असलेले. खोपड्याच्या फितुरीची गोष्ट आपण ज्या करीन्यात तपशिलाने वाचतो, तो जेध्यांच्या घरचा आहे, पुढच्या पिढ्यांनी लिहिलेला आहे, आणि त्याचा रोख वतनाच्या हक्कावर आहे. प्रतिवादीने काय चूक केली हे वादीच्या तोंडून ऐकायचं, असा हा मामला. खोपड्याने का केलं? खानाकडून त्याला काय हवं होतं? वतनच हवं होतं. जेध्यांनी वतनावर पाणी सोडलं याला एवढं मोल आहे ते याचमुळे, की समोरचा नेमका त्याच वतनासाठी उलट दिशेला गेला. दोघांचीही गोष्ट एकाच मिळकतीभोवती फिरते, आणि आपण मात्र ती निष्ठा आणि फितुरी अशा दोन हवेत तरंगणाऱ्या गुणांची गोष्ट करून टाकली.

याच घराण्याच्या पुढच्या पिढीकडे पाहा. संभाजीराजांच्या काळात सर्जेराव जेधे मोगलांकडे गेले होते. 1685 मध्ये राजांनी त्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, त्यात कानउघाडणीही आहे आणि परत येण्याचा कौलही. म्हणजे एका पिढीत निष्ठा, दुसऱ्या पिढीत पाय घसरलेला. यात जेध्यांची बदनामी काही नाही. त्या काळात बहुतेक देशमुख घराण्यांचं असंच होतं. मुलूख ज्याच्या हाती त्याच्याशी जमवून घेतलं नाही तर वतन जायचं, आणि वतन गेलं तर घर जायचं. पण मग खोपड्यांच्या वाट्याला एकच प्रसंग कायमचा का यावा? त्यांची बाजू सांगणारे कागद जेध्यांच्या कागदांइतके कोणी नीट जपले, छापले, वाचले का?

जेध्यांच्याच घरातून आलेला दुसरा कागद म्हणजे शकावली. नुसत्या तिथ्या आणि घटना. कोण कधी जन्मला, कोणता गड कधी घेतला, कोण कधी मेला. लोकमान्य टिळकांनी ती प्रकाशात आणली आणि शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, ही तिथी तिच्यात सापडली. 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख पुढे शासनानेही मानली. त्या टिपणाला कोणाला हरवायचं नव्हतं, म्हणून त्यावर अभ्यासकांचा भरवसा बसला. करीना आणि शकावली एकाच घरच्या, तरी एकीवर जितका भार टाकता येतो तितका दुसरीवर टाकता येत नाही. हा फरक इतिहासकारांना माहीत आहे. लोकांपर्यंत तो पोचवायचं काम मात्र कोणी केलं नाही.

कोणी म्हणेल, मग सगळे करीने खोटेच म्हणायचे का? रद्दीत घालायचे? उलट. दाव्याचा कागद म्हणून वाचला तर तो जास्त सांगतो. पण कुठे वाचायचं हे कळलं पाहिजे.

दिवाणी कोर्टात एक साधा नियम आहे: समोरच्याने म्हटलेलं तुम्ही स्पष्टपणे नाकारलं नाही तर ते कबूल धरलं जातं, आणि कबूल असलेल्या गोष्टीला पुरावा लागत नाही. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातही हे होतं. जुन्या तकरिरींना हाच नियम लावून पाहा. दोन्ही बाजू शेवटच्या थेंबापर्यंत भांडतात, पण काही गोष्टींवर त्यांचं भांडण होतच नाही, कारण ते त्यांना सुचतही नाही. पाटलाला होळीचा मान असतो, यावर वाद नसतो. कोणत्या पाटलाला, एवढाच वाद. गावच्या साक्षीला महार, मुलाणी, सुतार, लोहार बसतात आणि त्यांचं म्हणणं मोजलं जातं, यावर वाद नसतो. मलिक अंबरच्या काळातला धारा ही एक मोजपट्टी आहे, यावर वाद नसतो. मिराशी (जमिनीवरचा वंशपरंपरेचा हक्क) विकता येते, तिचं खत होतं, गोताची साक्ष लागते, वादीलाही मान्य, प्रतिवादीलाही मान्य. नवरा मेल्यावर बाई मुतालिक नेमून वतन चालवते, हेही अनेक कागदांत सहज बोलण्याच्या ओघात येतं. इतिहास लिहायचा तर तो या सहज सांगितलेल्या, न भांडलेल्या गोष्टींतून लिहावा. ज्या ओळीवर दोन्हीकडचा सगळा जोर आहे ती सगळ्यात कमी विश्वासाची, आणि नेमकी तीच ओळ आपण चौकटीत घालून फिरवतो.

महजराच्या शेवटी जी निशाण्यांची रांग असते, ती मला त्या सगळ्या कागदातली सगळ्यात बोलकी जागा वाटते. पाटलांचा नांगर, शेट्याची तागडी, ज्याचा जो धंदा त्याचं हत्यार. लिहिता न येणारी ही माणसं गावाच्या हक्काची साक्षीदार होती. त्यांच्या जागी आज कोण बसतं, हा प्रश्न मी इथे काढत नाही, नाहीतर लेख भलतीकडे जाईल.

पण जे त्या रांगेत नाहीत त्यांचं काय? वतनाच्या तकरिरीत उपरी कुठे आहे? जमीन कसणारा, मिराशी नसलेला, एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा तो कुणबी वादात पक्ष म्हणून येत नाही. त्याचा उल्लेख येतो तो कोणी जमिनीची लावणी केली हे दाखवायला. गावचा महार साक्षीदार म्हणून येतो, त्याच्या वतनाची गोष्ट मात्र 'अमक्याचं बलुतं' इतक्यातच संपते. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधान परिषदेत महार वतनाबद्दल विधेयक मांडलं तेव्हा त्यांना सांगावं लागलं की हा मान नसून वेठ आहे. सतराव्या-अठराव्या शतकातल्या करीन्यांत ते कोणी सांगितलं नव्हतं, कारण करीने लिहिणाऱ्यांना त्याची गरज नव्हती. पुढे 1950 ला परगणे आणि कुलकर्णी वतनं, 1958 ला कनिष्ठ गावकामगार वतनं आणि 1962 ला पाटीलकी, अशी वतनं कायद्याने गेली. आज कोणाच्याही घरच्या निवाडपत्राने एक गुंठाही मिळत नाही. मिळतो तो फक्त मान, आणि म्हणूनच त्यासाठी भांडण अजून चालू आहे.

मसूरच्या पाटीलकीचं प्रकरण मला यात मुद्दाम आठवतं. नरसोजी जगदाळे आणि बापाजी मुसलमान यांचा हा वाद. नरसोजीने विजापूरला इब्राहीम आदिलशहाकडे दाद मागितली. बापाजीची भीती अशी की गावच्या सभेत आपल्याला न्याय मिळणार नाही, सगळे समोरच्याच्या बाजूचे. बादशहाने प्रकरण पैठणच्या ब्रह्मसभेकडे पाठवलं आणि तिथे निकाल जगदाळ्यांच्या बाजूने लागला. आता याच एका गोष्टीचे किती उपयोग होतात बघा. कोणी म्हणतं, पाहा सुलतानाच्या राज्यात हिंदू शास्त्रींना केवढा मान होता. कोणी म्हणतं, पाहा मुसलमानाने हिंदूची पाटीलकी बळकावली होती. दोघांच्याही हाती एकच गोष्ट. मला त्यातला कामाचा तपशील वाटतो तो हा, की 'माझ्या विरुद्ध पंच पक्षपाती आहेत' ही हरकत त्या काळी उघडपणे घेता येत होती, ती ऐकली जात होती, आणि मुकदमा दूरच्या ठिकाणी वर्ग होत होता. कोणाचा धर्म कोणता होता यापेक्षा ही कार्यपद्धती मला जास्त महत्त्वाची वाटते. पण कार्यपद्धतीवर कोणी फटाके वाजवत नाही.

निवाडा झाला तरी तंटा संपत नसे, हीही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा काढता येऊ नये, हे तत्त्व आज दिवाणी संहितेच्या कलम 11 मध्ये आहे. तेव्हा धनी बदलला की नवा नजराणा, नवी फिर्याद. दरवेळी हरकी आणि गुन्हेगारी सरकारात जमा होत असल्यामुळे दार बंद करण्याची दरबारालाही घाई नसे. आणि प्रत्येक फेरीत तकरीर नव्याने लिहिली जाई. आधीच्या फेरीत जो मुद्दा कमी पडला तो पुढच्या फेरीत भरून निघे. पूर्वज मागे सरकत जात, त्यांचे पराक्रम वाढत जात. एका घराण्याच्या दोन वेगवेगळ्या पिढ्यांतल्या तकरिरी शेजारी ठेवून वाचायची सवय ज्यांना आहे, त्यांना हे नवीन नाही.

त्यावर इंग्रजांनी शेवटचा थर चढवला. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं आणि इनाम कशावरून तुमचं ते सिद्ध करा, असं मुंबई इलाख्यातल्या घराघराला सांगण्यात आलं. ज्यांच्याकडे कागद होते त्यांनी ते दिले, ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी कैफियती लिहिल्या. आपण आज ज्याला 'घराण्याची परंपरागत माहिती' म्हणतो, तिचा बराचसा भाग इंग्रज अधिकाऱ्यापुढे जप्ती टाळण्यासाठी सांगितलेला असू शकतो. जमीन वाचवायला माणूस काय सांगणार नाही? आजही सांगतो. त्याला दोष कसला द्यायचा. दोष आपल्याला, की आपण ते त्याच्या पणतूच्या लग्नपत्रिकेवर छापतो.

अलीकडे या कागदांना पुन्हा बाजार आला आहे तो दोन कारणांनी. एक, ऐतिहासिक चित्रपट. पडद्यावर एखाद्या सरदाराला फितूर दाखवलं की त्याच्या आडनावाचे लोक निवेदनं देतात. 2025 मध्ये शिर्के घराण्याच्या वंशजांनी घेतलेली हरकत ताजीच आहे. मला त्यांचा राग समजतो. दाभोळच्या वतनाचं त्यांचं दुखणं हे त्या काळचं अगदी खरं दुखणं होतं आणि ते वगळून फक्त शेवटची फितुरी दाखवली तर गोष्ट अर्धी राहते. पण त्याला उत्तर म्हणून आपल्या घरचा एक कागद पुढे करणं हेही अर्धंच. दोन अर्धे मिळून पूर्ण होतात ते दोन्ही पक्षांचे कागद एकत्र ठेवले तर; एकमेकांवर फेकले तर नाही.

दुसरं कारण आरक्षणाचं. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. महसुली नोंद आणि वतनाची तकरीर या वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदीचा शोध कायद्याच्या कामासाठी चालला आहे आणि त्याची छाननी करायला यंत्रणा आहे, तेव्हा त्यावर माझं काही म्हणणं नाही. खटकते ती त्यातून पसरलेली वाचायची रीत. पान उघडायचं, हवा तो शब्द सापडला की फोटो काढायचा आणि रुमाल (कागदांचं कापडी गाठोडं) बांधून टाकायचा. मागचं-पुढचं पान कशाला? शब्द सापडला ना. हीच रीत वतनाच्या कागदांना लागली की काय होतं ते वर सांगितलंच.

याची सगळी जबाबदारी फोटो फिरवणाऱ्या पोरांवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांना पूर्ण मिसल मिळतेच कुठे? इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड काढायला सुरुवात केली तेव्हा गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरचे, बळदातले, पेवातले कागद हाताने उतरवून ते वाचवले. त्या कामाला तोड नाही. पण जे मिळालं ते त्या त्या घरातून मिळालं, म्हणून छापलंही त्या त्या घराण्याच्या नावाने. अमक्यांचं दफ्तर, तमक्यांचा कागदसंग्रह. हरलेल्याने आपलं येजितखत कशाला जपून ठेवावं? त्यामुळे जिंकणाऱ्यांचा इतिहास छापला गेला, कोणाचा कट नसताना. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 ते 1934 मध्ये पेशवे दफ्तरातून निवडून 45 भाग काढले. निवड राजकारणाच्या अंगाने झाली, ते त्या काळाला धरून होतं. पुण्याच्या पुरालेखागारात मात्र अजून रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत आणि त्यांत वतनाच्या तंट्यांचं दफ्तर मोठं आहे. वादी, प्रतिवादी, साक्षी, निवाडा, सगळं एकत्र मिळण्याची शक्यता कुठे असेल तर ती सरकारी दफ्तरात, कोणाच्या घरच्या पेटीत नाही.

म्हणून माझी मागणी अगदी कारकुनी आहे. डिजिटायझेशन चाललंय, चालू द्या. पण कागद स्कॅन करून 'मोडी कागद, क्रमांक अमुक' एवढ्या नावाने टाकला तर तो फोटोपेक्षा फार वेगळा नसतो. वतनतंट्यांची सूची घराण्यावार करू नका, वादवार करा. गाव, वतन, अग्रवादी, पश्चिमवादी, तकरीर आहे का, समोरची आहे का, साक्षी आहेत का, निवाडा कोणी केला, पुढे तो मोडला का. एका वादाचे जे कागद वेगवेगळ्या रुमालांत विखुरले असतील त्यांना एकमेकांचा दाखला द्या. जी तकरीर एकटी आहे तिच्या नोंदीतच लिहा की समोरची बाजू उपलब्ध नाही. एवढं एक वाक्य प्रत्येक नोंदीत असलं तरी निम्मी भांडणं व्हायची थांबतील. निदान ज्याला फोटो फिरवायचा आहे त्याला ते वाक्य तरी कापावं लागेल.

मोडीचे वर्ग भरतात, भारत इतिहास संशोधक मंडळात, विद्यापीठांत, तालुक्याच्या गावांतही, आणि मुलं उत्साहाने येतात हे मी पाहतो. त्यांना बाराखडी आणि आडव्या ओळीची लपेट शिकवली जाते, पत्राचा मायना शिकवला जातो. त्यासोबत एक अख्खी मिसल वाचायला द्यावी. पहिल्या दिवशी अग्रवाद्याची तकरीर, आणि मुलांना विचारावं की वतन कोणाचं. सगळे एकमताने सांगतील. दुसऱ्या दिवशी पश्चिमवाद्याची. मग साक्षी. निवाडा अगदी शेवटी, त्यांनी आपापलं मत वहीत लिहून दिल्यावर.

आणि रोहिडखोऱ्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. जेध्यांचा करीना छापलेला आहे, आदिलशाही फर्मान छापलेलं आहे, संभाजीराजांचं पत्र छापलेलं आहे. खोपड्यांकडचे, शेजारच्या बांदल देशमुखांकडचे, सरकारी दफ्तरातले त्या वतनाचे जे कागद असतील ते शोधून, तारखेच्या क्रमाने, एकाच पुस्तकात, कोणालाही उपोद्घातात नायक न करता छापावेत. प्रस्तावना भोरच्या एखाद्या दिवाणी वकिलाकडून लिहून घेतली तरी चालेल.